दोर वाढला

फार फार पूर्वी, ढगांना डोकं टेकून बसलेल्या एका डोंगराच्या पायथ्याशी एक गोडबोलं गाव होतं.

त्या गावात वाईट शब्द कुणी तोंडातून काढत नसे. घरातलं मीठ संपलं तर ‘मीठ संपलं’ म्हणायचं नाही. ‘मीठ वाढलं’ म्हणायचं. बांगडी फुटली तर ‘बांगडी वाढली’. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवासुद्धा विझवायचा नाही, वाढवायचा. घरात ‘नाही’ हा शब्द घुमला की आलेली लक्ष्मी उंबऱ्यावरून परत फिरते, असं म्हातारी माणसं सांगायची.

घरापुरतं ते गोडच होतं. पण गावाने हीच रीत डोंगरावरही नेली. डोंगराला सगळं ऐकू येतं, त्याला आपलं उणं कळलं की उरलेलंही तो काढून घेतो, अशी पक्की समजूत. म्हणून डोंगर चढताना ‘नाही’, ‘संपलं’, ‘तुटलं’ हे शब्द बंद. जो उच्चारेल त्याला डोंगर कायमचा बंद.

आणि डोंगर बंद होणं ही साधी शिक्षा नव्हती. माथ्यावरून समुद्र दिसायचा. पाऊस सरला, गवत पिवळं पडू लागलं, की दरवर्षी एक टोळी वर जाई. ज्याने समुद्र पाहिला त्याला गाव ‘दर्यादेखा’ म्हणे, त्याला पारावर जागा मिळे, आणि पोरंटोरं त्याला घेरून विचारत, “किती मोठा असतो हो? आपल्या तळ्याएवढा?”

त्या गावात एका विणकराची मुलगी होती. कळायला लागल्यापासून तिला समुद्र पाहायचा होता. दरवर्षी ती विचारायची, “मी येऊ?” आणि दरवर्षी उत्तर मिळायचं, “पुढच्या वर्षी.” ‘नाही’ म्हणायला बंदी होती ना! म्हणून गाव मुलींना ‘पुढच्या वर्षी’ म्हणायचं. त्या गावातल्या कितीतरी बायका ‘पुढच्या वर्षी’ ऐकत ऐकत आज्या झाल्या होत्या.

ही पोर मात्र हटली नाही. टोळीच्या म्होरक्याच्या अंगणात जाऊन बसली. म्होरक्या आयुष्यभर डोंगर चढलेला, रापलेला, मनाने मोठा माणूस. हसून म्हणाला, “ऊठ गं बाई. यंदा चल.”

गावात कुजबुज झाली. कारभारी तर पारावरून उठूनच उभा राहिला. “नेताय तर न्या,” तो म्हणाला, “पण हिच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला, तर ही तर राहोच, गावातली दुसरी कुठली मुलगीही पुन्हा डोंगर बघायची ती पायथ्यावरूनच!”

हे ऐकून बाकीच्या मुली तिच्याकडे अशा बघू लागल्या, की तिला पाठीवर एकदम मोठं ओझं चढल्यासारखं वाटलं. त्या सगळ्यांचा समुद्र आता तिच्या जिभेवर होता.

निघायच्या दिवशी सकाळी टोळी वेशीवर जमली. म्होरक्या, एक कुंभार, एक गवळी, एक सोनार आणि पाठीवर बोचकं घेतलेली ही मुलगी. गवळ्याच्या खांद्याला पाण्याचा भोपळा. सोनाराच्या पायात जरीच्या मोजड्या, कारण समुद्रासमोर उभं राहायचं तर नीटनेटकं नको का? कुंभाराच्या गळ्यात दोराचं वेटोळं.

“दोर वाढवून आणलास ना रे?” म्होरक्याने विचारलं. “मागच्या खेपेला खिंडीत शेवटी हातभर उडीच मारावी लागली होती.”

“आणला की!” कुंभार म्हणाला. गाढवाला बांधायच्या दोराचा एक तुकडा त्याने जुन्या दोराला गाठवला होता.

बस्स. एवढंच बोलणं झालं. पाणी पुरेल का, चपला टिकतील का, गाठ घट्ट आहे का, हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायची पाळी आली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. किती शहाणी माणसं, आणि किती साधी गोष्ट!

अर्धा डोंगर चढून होतो न होतो तोच सोनाराच्या मोजडीचा तळ सुसरीसारखा आ वासून उघडला. सोनार लंगडत म्हणाला, “मोजडी वाढली.”

“वा, वा! पुढच्या वर्षी तीच लेकाला होईल,” गवळ्याने चिमटा काढला.

सोनार चिडला. पण दुखतंय असं काही बोलला नाही. काटे मोडत चालत राहिला.

ऊन चढलं. मुलीच्या घशाला कोरड पडली. तिने पाण्याकडे पाहिलं, तर गवळी तोंड भरून म्हणाला, “पाणी वाढलंय बरं का, पोरी!” तिने आनंदाने भोपळा तोंडाला लावला. आत थेंब नव्हता. भोपळ्याला खालून चीर गेली होती आणि सगळं पाणी गवळ्याच्या धोतरातून वाटेवर सांडलं होतं.

तिच्या ओठांवर शब्द आलाच होता. पण गावात तिच्याकडे तशा बघणाऱ्या त्या मुली तिला आठवल्या. ती कशीबशी म्हणाली, “हो काका. खूपच वाढलंय.”

सगळे हसले. कोरड्या तोंडांनी हसले.

माथ्याच्या अलीकडे ती खिंड आली. दोन कड्यांच्या मधली खोल घळ. दोर झाडाला बांधायचा, त्याला धरून एकेकाने घळीत उतरायचं आणि पलीकडच्या सोप्या उतारावरून थेट माथा. पलीकडे वारा वेगळाच वाहत होता, ओला, खारट. मुलीने डोळे मिटून तो श्वासात भरून घेतला. समुद्र आता हाकेच्या अंतरावर होता.

म्होरक्या नेहमीप्रमाणे पहिला. त्याने दोर स्वतः झाडाला बांधला, वेटोळं कड्यावरून खाली सोडून दिलं आणि हातापायांच्या आधाराने कड्याखालच्या एका लहानशा कपारीवर उतरला. तिथे पाऊल ठेवण्यापुरतीच जागा. पावसाळ्याचं शेवाळ अजून ओलं होतं. तिथून पुढे सगळा भार दोरावर टाकायचा.

वर कुंभार दोराजवळ बसला होता. त्याचं लक्ष गाठीकडे गेलं आणि त्याचा चेहरा उतरला. गाठ बरोबर दगडाच्या धारेवर आली होती. गाढवाच्या दोराचे पेड उन्हापावसाने कुजलेले. खाली लोंबता दोर हलला की घासून घासून एकेक सुटत होता. बघता बघता एकच पेड उरला.

खालून म्होरक्याचा आवाज आला, “काय रे, दोर कसा आहे?”

कुंभार घाबरून ओरडला, “दोर वाढला!”

“शाब्बास!” म्होरक्या खालून म्हणाला. “मग यंदा उडी मारायला नको.”

“अहो थांबा, वाढला! दोर वाढलाय हो!”

“ऐकलं रे बाबा! वाढलाय तर थांबू कशाला? टाकतो मी भार.”

कुंभाराला घाम फुटला. तो बिचारा जीव तोडून सांगत होता. त्याला माहीत असलेल्या एकुलत्या एका शब्दात सांगत होता. गवळी हात चोळत म्हणाला, “वाढला, वाढला!” सोनारही ओरडला, “फारच वाढला!” तिघांना ओरडताना ऐकून म्होरक्याला वाटलं, माथा जवळ आला म्हणून मंडळी खुशीत आहेत. त्याने दोर दोन्ही हातांनी धरला.

मुलीने कुंभाराकडे पाहिलं. मग त्या एका पेडाकडे. मग पलीकडच्या उताराकडे, जिथून तो खारट वारा येत होता.

तिला ठाऊक होतं, ती काय गमावणार आहे. एकटीचं नव्हे, सगळ्यांचं. घराघरातल्या, अजून पाळण्यात असलेल्या मुलींचंसुद्धा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माणूस दोराला लटकायच्या आधी विचार करायला किती वेळ असतो? ती कड्याच्या टोकाशी पालथी पडली आणि पोटातून ओरडली:

“थांबा! दोर तुटलाय! आपल्याकडे दोर नाही! नाही!”

सोनाराने कानांवर हात ठेवले. गवळी मटकन खाली बसला. शब्द घळीत गेला, कड्यांवर आपटला आणि मोठा होऊन परत आला: नाही… नाही… नाही…

सगळे श्वास रोखून वाट पाहू लागले. दरड कोसळली नाही. जमीन फाटली नाही. एक घार फक्त उडून दुसऱ्या झाडावर बसली.

खाली म्होरक्याने हात सैल सोडले होते. तो कड्याला पाठ चिकटवून उभा होता. नुसत्या सोडलेल्या दोराच्या वजनानेच तो शेवटचा पेड तुटला आणि दोर त्याच्या डोळ्यांसमोरून सळसळत घळीत गेला.

मग गवळी हळूच म्हणाला, “माझ्याकडे पाणी नाही. सकाळपासूनच नाही.”

“माझ्या पायात मोजडी नाही,” सोनार म्हणाला आणि रडायलाच लागला. “टाचेत काटा आहे. चालवत नाही मला.”

“गाठ मी नीट पाहिली नाही,” कुंभार म्हणाला.

खालून म्होरक्याचा आवाज आला. त्या माणसाची छाती बघा, मरणाच्या कपारीवर उभा राहून तो हसत होता! “अरे, काय काय नाही ते समजलं. आता आहे ते तरी सांगा!”

आणि गंमत अशी, की ‘नाही’ म्हणून मोकळं झाल्यावर ‘आहे’ ते सगळ्यांना दिसू लागलं. तिघांच्या डोक्यांवर मुंडाशी होती. गावात चारचौघांत कुणी मुंडासं उतरवत नसे. मान जातो म्हणत. तिघांनीही क्षणात ती सोडली. मुलीच्या बोचक्यात बापाने विणलेली जाड पासोडी होती. तिने ती पिळली, मुंडाशांना जोडली आणि प्रत्येक गाठीला पाय लावून मागे झुकून ओढून पाहिलं. एक गाठ सरकली.

“ही धरत नाही,” ती म्हणाली. “पुन्हा बांधा.”

कुंभाराने ती पुन्हा बांधली. तिने पुन्हा ओढली. मगच त्यांनी तो कापडाचा दोर खाली सोडला.

म्होरक्या वर आला तेव्हा त्याचे गुडघे खरचटले होते. तो मुलीसमोर उभा राहिला आणि त्याने तिला हात जोडले. वयाने बापापेक्षा मोठा माणूस! ती लाजून मागे सरली.

“माथा इथेच आहे, काका,” ती म्हणाली. “पण दोर नाही, पाणी नाही, आणि सोनारकाकांना चालवत नाही.”

“मग?”

“मग परत जाऊ.”

तिने पलीकडे शेवटचं एकदा पाहिलं आणि सोनाराचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

गावात पोचल्यावर पार भरला. बोडक्या डोक्यांनी परतलेली टोळी गावाने कधी पाहिली नव्हती. कारभाऱ्याने विचारलं, “शब्द कुणी काढला?”

म्होरक्या बोलणार, तेवढ्यात मुलगीच पुढे झाली. “मी काढला.”

“पाहिलंत?” कारभारी गर्जला. “म्हणून मी सांगत होतो!”

तेव्हा कुंभार उठला. गरीब स्वभावाचा माणूस, पारावर कधी बोललेला नव्हता. म्हणाला, “कारभारी, मी चांगलं बोललो आणि माझ्या हातून माणूस मरत होता. ही वाईट बोलली आणि माणूस वाचला. आता चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं, ते तुम्ही सांगा.”

कारभारी गडबडला. “म्हणजे काय, वाडवडलांची रीत मोडायची?”

“मोडू नका,” मुलगी म्हणाली. “घरात राहू द्या. घरात मीठ वाढलं म्हटलं, तर शेजारीण ओळखते आणि वाटीभर देते. पण कड्यावर शेजारीण नाही, कारभारी.”

मग मागच्या बाजूला, जिथे बायका उभ्या होत्या, तिथून एका आजीचा आवाज आला, “खरं बोलली पोर!” आणि मग सगळा पार एकदम बोलू लागला. ‘डोंगर बंद’ असं मात्र कारभारी म्हणाला नाही. म्होरक्याने तेवढ्यावरच समजून घेतलं.

पुढच्या हंगामात टोळी निघाली तेव्हा तिच्यात निम्म्या मुली होत्या. वेशीवर विणकराची मुलगी प्रत्येकासमोर जाऊन एकच प्रश्न विचारत होती, “तुझ्याकडे काय नाही?”

“माझ्याकडे काठी नाही.” कुणीतरी घरात धावलं, काठी आली.

“माझा दोर भरवशाचा नाही,” कुंभाराने आपणहून सांगितलं. चार घरांतून चार दोर आले. त्याने ते सगळे ओढून पाहिले आणि दोन परत पाठवले.

सोनाराने साध्या जाड वहाणा घातल्या होत्या. महिनाभर घालून मऊ केलेल्या.

इतक्यात गर्दीतून कारभारी पुढे आला. कमरेला शेला, हातात काठी. पारावर बसून सगळ्यांना समुद्राच्या गोष्टी ऐकवणाऱ्या या माणसाने समुद्र पाहिला होता तो तरुणपणी. त्याला तो मरण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहायचा होता. मुलगी त्याच्यासमोर थांबली. सगळ्यांना विचारला तोच प्रश्न तिने त्यालाही विचारला, आदराने, पण तोच.

“तुमच्याकडे काय नाही, कारभारी?”

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, मिटलं. उभ्या जन्मात त्याने तो शब्द उच्चारला नव्हता. गाव बघत होतं. शेवटी तो पुटपुटला, “दम नाही, पोरी. चार पावलांवर धाप लागते.”

कुणी हसलं नाही.

“बरं झालं सांगितलंत,” मुलगी म्हणाली. “मग आपण सगळेच हळू जाऊ.”

आणि ते हळू गेले. माथ्यावर पोचायला त्यांना फार उशीर झाला. पण मागे कुणी राहिलं नाही, आणि समुद्र सगळ्यांनी मिळून पाहिला.

घ्यायचं तात्पर्य एवढंच: आपल्याकडे काय नाही हे जो वेळेवर आणि स्पष्ट सांगतो, तो अपशकुनी नसतो, साऱ्यांना सुखरूप नेणारा खरा सोबती तोच असतो.