पुसलेली तीट

"बाई, नियम बरोबर आहे. मग तो एकालाही अडवत का नाही?"

पुष्कर काटदरेनं हे विचारलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. आईशप्पथ. म्हणजे, बसलो होतो मामाच्या आंब्यावर, दोन मैल लांब. पण कान माझे तिखट.

रेडकरबाई कुडाळच्या. प्रोग्राम लिहायला शिकवता शिकवता केस पिकले. पुष्कर त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे त्याचं मत.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डासाठी त्यानं प्रोग्राम लिहिला होता. औषधाचा डोस ठरवणाऱ्या प्रत्येक कामावर खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन: 'दोघींनी तपासा'. आणि वर राखणदारासारखा एकच नियम, पॉइंटकट: ही खूण दिसली की काम थांबव, दुसऱ्या नर्सला विचार.

उद्या वॉर्डात प्रोग्राम सुरू व्हायचा होता. नियमाला खूण दिसतच नव्हती.

"तीन दिवस तपासतोय, बाई. कंससुद्धा मोजले."

"राखणदाराचे डोळे तपासलेस. बरं केलंस."

"मग?"

बाईंनी त्याच्या मांडीकडे पाहिलं.

पुष्करच्या मांडीवर त्याची तीन महिन्यांची लेक. बायको बाजारात गेलेली. लेक दूध ओकली. बाईंनी ओल्या रुमालानं तिचं तोंड पुसलं. हनुवटी पुसली. मग गाल, अगदी निगुतीनं.

"अहो, तीट गेली तिची!"

"कुठली तीट?"

"सकाळी मी स्वतः लावली होती!"

"लावलीस ना? मग असेलच की."

"असेल कशी? तुम्ही आत्ता पुस..."

तो थांबला. लॅपटॉपकडे वळला.

खूण त्यानं लिहिली होती खरी. पण प्रोग्राम चालू असतानाही ती राहू दे, असं कुठंच सांगितलं नव्हतं. लिहिताना तीट; चालताना गाल कोरा.

"एका ओळीचं काम..." तो ती ओळ लिहू लागला. "बाई, उद्या एखाद्या बाळाला जर..."

बाईंनी काजळाची डबी पुढे केली.

"आधी हिला लाव. हात थरथरतोय तोवरच."

आता कबूल करतो. ते शेवटचं बोलणं मी रचलेलं. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्याचा हात स्थिर होईपर्यंत डबी उघडून धरून बसल्या.