वहीतली सोमवारची नोंद

एकदा एका संशोधक विद्यार्थिनीवर स्वतःच्याच वहीतली नोंद खोडण्याची वेळ आली. तिचे नाव मृदुला केळुसकर. दोन द्रव्ये एकत्र आणून त्यांच्या रेणूंचे मिळून एक नवे वलय घडवायचे, असा तिचा प्रयोग होता. सोमवारी तो साधला. पात्राच्या तळाशी पांढरेशुभ्र स्फटिक जमले. गुरुवारी कपाटातल्या त्याच बाटलीतले द्रव्य घेऊन तिने तो पुन्हा केला, तर काहीच घडले नाही. शनिवारपर्यंत आणखी दोनदा केला. पात्रातला द्रव नितळच राहिला.

सोमवारी काहीतरी गफलत झाली असावी, असे सहकारी म्हणू लागले. हळूहळू तिलाही तसेच वाटू लागले. अखेर वही घेऊन ती आपल्या वृद्ध मार्गदर्शकांकडे, रेगेसरांकडे गेली आणि ही नोंद खोडते म्हणाली.

सरांनी वही उघडलीच नाही. त्यांनी बाटली मागवली आणि तिच्यातला द्रव हीटरवर तापत ठेवला. मृदुलाला कळेना. बिघडलेले द्रव्य तापवून काय साधणार? बऱ्याच वेळाने वाफ निघाली आणि थंड होऊन बर्फातल्या कुपीत थेंबाथेंबाने साचली. ते लगेच वापर, असे सर म्हणाले. तिने ते दुसऱ्या द्रव्यात मिसळले. पात्र हाताला गरम लागले आणि पाहता पाहता तळ पांढरा झाला.

"मग बाटलीत काय झालं होतं, सर?"

"हे रेणू जुळायला फार उत्सुक असतात. जोडीदार मिळाला नाही, तर आपापसांतच जुळतात. दोघांचा मिळून एक होतो. त्यात काही सांडत नाही, काही उरत नाही, म्हणून बाटलीकडे पाहून संशय येत नाही. तापवलं की ती जोडी सुटते. सोमवारी तुझं द्रव्य ताजं होतं, गुरुवारी तीन दिवसांचं. तुझ्या दोन्ही नोंदी खऱ्या आहेत."

सरांनी हीटर बंद केला. मग म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी एक विद्यार्थी अशीच वही घेऊन आला होता. मी त्याला नोंद खोडायला लावली. हे रसायन मला तेव्हाही ठाऊक होतं. बाटली मागायचं तेवढं सुचलं नाही. त्यानं संशोधन सोडलं."

कुपी बर्फात नीट बसवून मृदुला सरांशेजारी स्टुलावर बसून राहिली.

दोन खऱ्या गोष्टींचा मेळ बसत नसेल, तर एकीला खोटे म्हणण्याआधी मधल्या दिवसांत काय घडले ते विचारावे.