नदीकाठची मडकी

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि दोन्हींना माल पुरवणारा व्यापारी एकच होता. गडी बोलण्यात मोठा पटाईत. “पलीकडचे तुम्हाला वचकून राहतील,” असं सांगून त्याने अलीकडच्या गावाला सुरुंगाची दारू विकली. मग नावेत बसून पलीकडे गेला आणि तिथेही तेच सांगितलं. घरोघरी दारूचं एकेक मडकं झालं. एका मडक्यात ठिणगी पडली तर दोन्ही काठांची राख होईल, हे त्याला ठाऊक होतं. पण मुद्दाम पेटवणार कोण, अशी त्याने मनाची समजूत घातली.

पावसाळ्यात दारू सादळते. म्हणून रीतही त्यानेच घालून दिली. मार्गशीर्षात एक दिवस ती अंगणात वाळत घालायची आणि त्या दिवशी गावात चूल पेटवायची नाही. लोक मुकाट्याने शिळी भाकरी खात.

एका वर्षी नेमकी त्याच पहाटे अलीकडच्या गावात एक बाई बाळंत झाली. थंडी मरणाची, पोर निळं पडलेलं. सुईण व्यापाऱ्याकडे धावत आली.

“शेठ, शेकापुरता एक निखारा पेटवू द्या.”

“आज नाही,” तो म्हणाला. “सगळं गाव जाईल.”

गाव वाचलं. बाळ दुपारपर्यंतही टिकलं नाही.

व्यापाऱ्याने दुकानाला कुलूप घातलं ते कायमचं. तेव्हापासून तो दोन्ही काठांवर दारोदार फिरू लागला. दारू नदीत ओता, म्हणून हात जोडू लागला. जो तो म्हणे, आधी त्यांनी ओतावी. केस पिकले, पाय थकले, तेव्हा कुठे दोन्ही गावं एकाच दिवशी मडकी घेऊन पाण्याशी आली. आणि तिथेच घोडं अडलं. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या हातांकडे बघत उभे राहिले.

म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात शिरला.

“अरे, विकत घेताना कुणी म्हणालं नव्हतं, की आधी त्यांनी घ्यावी!”

कुणी हललं नाही. फक्त ती बाळ गेलेली बाई पुढे आली आणि तिने आपलं मडकं पालथं केलं. म्हाताऱ्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना. दिवस कलला तशी बाकीची मडकी आल्या वाटेने घरी गेली.

तात्पर्य: भीती विकायला एक सकाळ पुरते; ती परत मागायला जन्म अपुरा पडतो.