हंसतळं

गावाच्या उगवतीला दिसतं ते हंसतळं. आता डबकंच म्हणायचं, पण एके काळी थंडी पडली की इथे हंसांचे थवे उतरत. त्या काळची ही गोष्ट सांगतात.

भिवरा इथल्याच घरची. रूपाने देखणी, पण डावा पाय जन्मापासून आखूड. तिचं स्थळ घेऊन हरबाजी भाट परगावी गेला. भाटांना मुलगी पाहायची सवय नसे, वर्णनं पाठ असत. कुणी रंभा, कुणी तिलोत्तमा. भिवरेच्या वाट्याला दमयंती आली. "आणि चाल म्हणाल," हरबाजी म्हणाला, "तर दमयंतीच्या हंसाची." एवढ्यावर लग्न ठरलं.

हळद लागली, वऱ्हाड आलं आणि नवरी मांडवात आली ती लंगडत. नवऱ्या मुलाचे वडील रखमाजी ताडकन उठले. "ही हंसाची चाल? चला रं माघारी." भिवरेच्या आईने तर हंबरडाच फोडला. हळद लागलेली पोर तशीच राहिली, तर तिला पुन्हा कोण विचारणार होतं? हरबाजी खाली मान घालून बसला. खरं तर हंस चालताना त्यानेही कधी पाहिला नव्हता.

भिवरेने मात्र तो रोज पाहिलेला. ती रखमाजींसमोर उभी राहिली. "मामंजी, दमयंतीचा हंस म्या न्हाई पायला. आमच्या तळ्यावरला येकदा बघा, मग खुशाल जावा." आणि मांडव सोडून ती पुढे निघाली. परतीची वाट तळ्यावरूनच होती, म्हणून वऱ्हाडही मागोमाग गेलं.

हंस काठावर चरत होते. पाण्यात एवढा डौल, पण जमिनीवर पाऊल टाकलं की अंग एकदा इकडे कलायचं, एकदा तिकडे. वऱ्हाडाने हंसांकडे पाहिलं, मग काठाने चाललेल्या भिवरेकडे. शेवटी नवरा मुलगा मल्हारीच म्हणाला, "आबा, भाट खरं बोलला."

लग्न त्याच मांडवात लागलं. हरबाजीची एक तरी उपमा खरी निघाली, तीही त्याच्या नकळत, असं म्हातारी माणसं हसून सांगत.

तळ्यात आता पाणी टिकत नाही, हंस यायचे थांबले, याचं फार वाईट वाटतं. पण आजही इथली नवरी मांडवाच्या दारापासून बोहल्यापर्यंत थोडी लंगडत जाते, पाय धड असले तरी. एखादी विसरून सरळ चालू लागलीच, तर तिची सासू पुढे होऊन हळूच सांगते, "भिवरेवानी चाल गं, बाई."