उष्ट्या तहाचं तळं

निंबाळची खिंड चढून वर आलं की घाटमाथ्यावर एक तळं लागतं. फार मोठं नाही. तोंडातला विडा संपेपर्यंत बांधावरून फेरी पुरी होते. पाणी मात्र असं, की तळाचे खडे दिसावेत. बांधाच्या मधोमध एक बसकी शिळा आहे. तिला शेंदूर नाही, तिच्यावर नाव नाही, वर छप्पर नाही. पाहुणे आले की गुरवांच्या घरचे म्हातारे सोमाजी त्यांना आधी पायरीवर उतरवतात आणि सांगतात, ओंजळभर पाणी प्या, मग काय विचारायचं ते विचारा. कोणी पिशवीतली बाटली काढली, तर ते काठी उचलून सरळ घराची वाट धरतात. त्यांची नातसून म्हणते, म्हातारा पहिल्यापासून तिरसट. पण सोमाजी जी गोष्ट सांगतात तीच तशी आहे.

फार जुन्या काळी, असं सांगतात, या तळ्यावरून दोन देशांची हद्द जायची. उगवतीला अंबरठाण, मावळतीला मेढेगिरी. अंबरठाणाचं शेवटचं गाव आगरवाडी, मेढेगिरीचं पहिलं गाव निंबाळ. दोन्ही गावांची भाषा एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत, आणि पाणी हे एवढंच. बांधाच्या शिळेखाली तळ्याची मोरी होती. दर उन्हाळ्यात दोन्हीकडची माणसं मोरी उघडून तळं रिकामं करायची, गाळ उपसायची आणि आपापल्या शेतात पसरायची. कुणाच्या गाळात कुणाचं फावडं पडलं हे कोणी पाहत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात मेढेगिरीच्या शिपायांनी आगरवाडीचा एक माणूस धरला. त्याचं फावडं म्हणे परमुलखात पडलं होतं. त्याला उत्तर म्हणून अंबरठाणाने निंबाळचे दोघे धरले. दोन्ही दरबारांतून हुकूम सुटला की तळ्याचा तह होईपर्यंत कोणत्याही बाजूच्या रयतेने गाळाला हात लावायचा नाही. लोकांना वाटलं, महिनाभरात तह होईल. तह नऊ वर्षं चालला.

दर चैत्रात पाणी आटत आलं की बांधावर शामियाना पडायचा. अंबरठाणाकडून विसाजीपंत वकील यायचे, मेढेगिरीकडून हैबतराव. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे दोघे. आल्याबरोबर गळाभेट, मग शेले, मग अत्तर, मग आपले दोन देश म्हणजे एका आईची लेकरं कशी, यावर तासभर बोलणं. पहिलं वर्ष पूर्वेकडे तोंड करून कोणी बसायचं यात गेलं. दुसरं, तहाच्या कागदावर आधी नाव कोणाचं यात. तिसऱ्या वर्षी शामियान्याला एकच दार आहे हे लक्षात आलं, आणि आधी आत कोण जाणार यावर आठ दिवस खल झाला. शेवटी कापड फाडून दुसरं दार केलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असता तरी एक वेळ चाललं असतं. इथे भात खरा होता, तुपासकट होता, आणि तो दोन्ही वेळा होता.

त्या भातापायीच पुढचं घडलं. जेवणं झाली की पत्रावळी उचलायच्या कोणी? दुसऱ्याचं उष्टं काढणं म्हणजे त्याची चाकरी पत्करणं. अंबरठाणाचा माणूस मेढेगिरीचं उष्टं उचलेना, मेढेगिरीचा अंबरठाणाचं उचलेना. आपलं आपण उचलावं, तर पत्रावळ टाकायची कुठे? आपल्या हद्दीत टाकली तर पाहुण्यांसमोर आपण आपला मुलूख उकिरडा केला; त्यांच्या हद्दीत टाकली तर लढाई. चौथ्या वर्षी दोन्ही वकिलांनी डोकं चालवून तोडगा काढला. तळं सामायिक आहे, म्हणजे ते धड कोणाचंच नाही. तेव्हा दोन्ही पक्षांचं उष्टं समसमान तळ्यात टाकावं. नऊ वर्षांत सही-शिक्क्यानिशी ठरलेलं कलम एवढं एकच. त्या दिवशी तोफा उडाल्या, असं सांगतात.

स्वतः ही मंडळी तळ्याचं पाणी पीत नव्हती, हे सांगायला नकोच. त्यांच्यासाठी चार कोसांवरच्या राखीव झऱ्यावरून कावडी यायच्या. झऱ्यावर पहारा होता. निंबाळची एक बाई घागर घेऊन तिकडे गेली, तर तिची घागर फोडून तिला परत पाठवलं.

आगरवाडीत भिवरा नावाची एक परटीण होती. माहेर निंबाळचं, सासर आगरवाडीचं. नवरा गेलेला, मुलगा नाही, एकच मुलगी ठकी, तीही निंबाळात भावाच्या घरी दिलेली. शामियाना पडला की दोन्हीकडचे हुजरे भिवराच्या दारात हजर व्हायचे. अंबरठाणाचा म्हणायचा, तू आमच्या गावात नांदतेस, आमची रयत, आमचे कपडे वेठीने धुवायचे. मेढेगिरीचा म्हणायचा, तू आमच्या गावची लेक, आमची रयत, आमचेही धुवायचे. भिवरा दोघांचेही धुवायची. धोतरांवरची तुपाची बोटं, पानाच्या पिचकाऱ्या, दुपारी लोळून मळलेल्या गाद्यांचे पलंगपोस. धुणारीला माणसाचं सगळं कळतं. पाच वर्षांत तिला दोन्ही देशांचे वकील आतून-बाहेरून कळले आणि तिला दोघांचीही किळस आली.

त्याहून किळस पाण्याची. पत्रावळी कुजून वर बुळबुळीत साय धरली होती. तिच्यावर भाताची आंबलेली शितं तरंगायची, खाली अळ्या वळवळायच्या. कपडा बुडवला तर घालताना होता त्याहून मळका निघायचा. भिवराचे हात कोपरापर्यंत खरजेने भरले. आणि हेच पाणी दोन्ही गावं फडक्याच्या चार घड्यांतून गाळून पीत होती. घरोघरी कोणाच्या ना कोणाच्या पायातून नारू निघायचा. पांढऱ्या दोऱ्यासारखा तो किडा काडीवर गुंडाळत माणसं महिनामहिना ओट्यावर बसून राहायची. आठव्या वर्षी ठकीचं तीन महिन्यांचं मूल हगवणीने गेलं. नवव्या वर्षी ठकीला पुन्हा दिवस गेले. चैत्रात तिला सातवा लागला होता, आणि भिवराच्या मनात दिवसरात्र एकच गोष्ट होती, की हे मूल तरी या घाणीत जाऊ नये.

त्या चैत्रात भिवरा पहिल्याच धुण्याचं गाठोडं घेऊन शामियान्याशी गेली. आत मंडळी नुकतीच बैठकीला बसली होती. तिने दाराशी गाठोडं ठेवलं आणि त्याच्याशेजारी तळ्याच्या पाण्याने भरलेला तांब्या ठेवला. बोलायच्या आधी हे पाणी एकदा तोंडाला लावा, एवढंच ती म्हणाली. वास आत गेला. हैबतरावांनी शेला नाकाला लावला. विसाजीपंतांनी परटिणीच्या हातचं पाणी आपल्याला चालत नाही, असं सांगून तांब्या उचलायला लावला.

"माज्या हातचं चालत न्हाई, तर तुमच्या हातानं वंजळ भरून घ्या," भिवरा म्हणाली. "तळं हितंच हाय."

हुजऱ्यांनी तिला बाहेर काढलं. ती घरी गेली नाही. मोरीवरच्या शिळेवर जाऊन बसली आणि तिने दोन्ही गावांना ऐकू जाईल असा नेम बोलून दाखवला. दोन्हीकडचे हात गाळात पडल्याशिवाय ती या दगडावरून उठणार नव्हती, आणि तोवर या तळ्याखेरीज दुसरं पाणी तोंडात घेणार नव्हती. अन्न तर सोडलंच होतं.

शिळा नेमकी हद्दीवर. तिला उठवायचं म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात हात घालायचा. तेव्हा आधी ती कोणाची रयत हे ठरवणं आलं. नऊ वर्षं दोघांनी आपली म्हणून राबवलेली बाई आता दोघांनाही नकोशी झाली. विसाजीपंत म्हणाले, ती निंबाळची लेक, तुमची. हैबतराव म्हणाले, लेक दिली की सासरची, तुमची. विसाजीपंतांनी काढलं, नवरा गेला, मुलगा नाही, म्हणजे ती माहेरची झाली. हैबतरावांनी काढलं, मंगळसूत्र अंबरठाणाच्या सोनाराने घडवलं होतं. दोन्हीकडे लेखनिक सगळं लिहून घेत होते. मधल्या वेळेत जेवणं होत होती आणि पत्रावळी कलमाप्रमाणे समसमान तळ्यात पडत होत्या, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या पायांपासून दहा हातांवर.

ती तेच पाणी ओंजळीने प्यायची. दुसऱ्या दिवशी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी तिला बसवेना, ती शिळेवर आडवी झाली. आगरवाडीच्या बायका तिच्यासाठी पेज घेऊन आल्या, तर अंबरठाणाच्या शिपायांनी त्यांना अडवलं, कारण पेज दिली म्हणजे ती आपली रयत असल्याचं कबूल केल्यासारखं होईल. चौथ्या दिवशी सकाळी भिवरा गेली.

आता प्रेत कोणाचं, हा प्रश्न आला. चैत्राचं ऊन, वर माश्यांचं मोहोळ. दोन्ही राजधान्यांकडे पत्रं घेऊन स्वार सुटले. उत्तर येईपर्यंत कोणी हात लावू नये असा दोन्हीकडचा एकमताचा हुकूम झाला. त्या दुपारी वारा शामियान्याच्या बाजूला फिरला, तेव्हा वकिलांनी काय करावं? शामियाना उचलून वरच्या अंगाला नेला आणि तिथे पानं मांडायला लावली. सोमाजी इथे बाजूला तोंड करून थुंकतात आणि मगच पुढे बोलतात.

निंबाळात ठकीला कळलं. पोटुशी बाई, पायात नारूचा फोड, पण ती खिंड चढून आली. शिपायांनी भाले आडवे केले. तिचं पोट पाहून ते बाजूला झाले. तिने आईचं डोकं मांडीवर घेतलं, माश्या हाकलल्या, आणि उचलायला गेली तर तिच्याने उचलवेना. दोन्ही गावं बांधाच्या दोन टोकांना उभी होती.

"माज्या आयचा देश सावकाश ठरवा," ती म्हणाली. "आदी खांदा द्या."

आगरवाडीकडून दोघे पुढे आले, निंबाळकडून दोघे. त्यांनी हद्द पाहिली नाही. भिवराला तिथेच बांधाच्या कुशीत अग्नी दिला. आणि मग त्या माणसांपुढे साधीच अडचण उभी राहिली. प्रेताला खांदा दिलेला माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकू शकत नाही. अंघोळ करायची कशात? समोर सहा वर्षांचं उष्टं साचलेलं. त्या पाण्यात बुडी मारली तर विटाळ जाण्याऐवजी दुप्पट लागणार. घरी जाता येईना, अंघोळ करता येईना. तेव्हा खांदेकऱ्यांपैकी एकाने खाली उतरून मोरीत हात घातला आणि कुजक्या पत्रावळींचा पहिला लगदा ओढून बाहेर फेकला.

शिपाई धावले, आणि चार हातांवर येऊन थांबले. प्रेताचा विटाळ अंगावर असलेल्या माणसाला धरणार कोण? धरलं तर आपल्यालाही विटाळ. वकिलांनी लांबून ओरडून हुकूम सोडले, पण जवळ यायला तेही तयार नव्हते. हे ध्यानात आल्यावर दोन्ही गावांतल्या बाप्यांनी एकेक करून चितेजवळ जाऊन खांदेकऱ्यांच्या खांद्याला हात लावला आणि गाळात उतरले. जन्मभर ज्या शिवाशिवीपुढे ते वाकत आले होते, ती एक दिवस त्यांच्या कामी आली.

सात दिवस ते घाण उपसत होते. थरावर थर निघाले, दर वर्षाचा एक. सर्वांत खालच्या थरात पत्रावळींवरचा भात दगडासारखा काळा झाला होता. माणसं ओकायची आणि पुन्हा वाकायची. मोरीतून तीन दिवस काळं पाणी वाहिलं. आठव्या दिवशी तळाला पाझर दिसला. चमत्काराची आवड असणारे सांगतात, की भिवराचं डोकं जिथे टेकलं होतं त्याच्या बरोबर खाली तो फुटला. सोमाजी म्हणतात, तो पाझर पहिल्यापासून तिथेच होता, फक्त उष्ट्याखाली दबला होता.

आषाढात ठकीला मुलगी झाली. ती जगली. दोन्ही दरबारांच्या दप्तरांत मात्र त्या वर्षी एकच मजकूर लिहिला गेला, की आमच्या वकिलांच्या मुत्सद्देगिरीने तळ्याचा प्रश्न स्नेहभावाने मिटला.

पुढच्या चैत्रात दोघे पुन्हा आले, आपापल्या राजाच्या नावाचे कोरीव दगड बैलगाड्यांवर घालून. ते बांधावर उभे करून भाषण व्हायचं होतं. ठकी मुलीला कडेवर घेऊन पायरीशी उभी होती. तिने वाट सोडली नाही.

"आय सांगून गेलीया, बोलायच्या आदी पानी," ती म्हणाली. "आपापल्या वंजळीनं प्या."

पाणी आता नितळ होतं. खालचे खडे दिसत होते. विसाजीपंत पायरीवर वाकले, ओंजळ भरली, ती तोंडापर्यंत नेली आणि तिथेच थांबले. हैबतरावांनी तेवढंही केलं नाही. दोन्ही गावं ते रोज पीत होती, ठकीची मुलगी त्यावर वाढत होती. पण आपण त्यात काय काय टाकलं होतं, ते या दोघांना ठाऊक होतं. विसाजीपंतांच्या बोटांतून पाणी गळून गेलं. दगड आले तसे बैलगाड्यांवरून परत गेले.

आता ते दोन्ही देश राहिले नाहीत. तळ्यावरून दोन जिल्ह्यांची हद्द जाते, आणि माणसं बदलली तरी शामियाने अधूनमधून पडतातच. आजही चैत्रात गाळ काढायच्या दिवशी कोणी शेजारधर्मावर भाषण करायला आला, तर त्याला आधी पायरी दाखवतात. काही ओंजळ भरून फोटो काढतात आणि पाणी हळूच कोपराकडून सोडून देतात. त्यांच्याकडे पाठ करून गाव गाळाला लागतं. आणि मोरी पुन्हा बंद केल्यावर निवळलेल्या पाण्याची जी पहिली घागर भरते, ती त्या वर्षी पोटुशी असलेल्या बाईच्या घरी जाते. ती आगरवाडीची की निंबाळची, हे आजही कोणी विचारत नाही.