मेहुण्याच्या हातातला दोर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरात माणसांपेक्षा मधमाश्याच जास्त होत्या. तिथल्या एका गावात एक मध काढणारा राहत असे. दोराला लटकून तो उंच कडा उतरे, धूर देऊन माश्या उठवी आणि पोळं कापी.

वर दोर कोणी धरायचा, याचा गावात नियम होता. तो मेहुण्यानेच धरायचा. बहीण विधवा झालेली भावाला पाहवणार नाही, म्हणून तो दोर सोडणार नाही, असा साधा हिशेब. दोर झाडाला बांधला तर तो मेहुण्याचा अपमान समजत. या माणसाचा दोरही त्याच्या बायकोच्या भावाने जन्मभर धरला.

दिवस गेले आणि दोघे म्हातारे झाले. गावाला ते दिसत होतं, फक्त त्या दोघांना मान्य नव्हतं. मध काढणाऱ्याचे गुडघे लटपटत, तर तो म्हणे, कडाच निसरडा झालाय. मेहुण्याच्या मुठी नीट मिटत नसत, तर तो म्हणे, हल्ली दोरच जाड वळतात. बायकोने दोघांना थांबायला सांगून पाहिलं. दोघांनी ते हसण्यावारी नेलं.

एके सकाळी अर्ध्या कड्यावर म्हाताऱ्याचा गुडघा वाकला आणि सगळा भार दोरावर आला. वर मेहुण्याच्या मुठी उघडल्या. दोर सरसर निघाला. भाकरी घेऊन आलेल्या बायकोने धावत जाऊन त्याचं टोक झाडाला गुंडाळलं, म्हणून तो थांबला. मग बहीणभावाने म्हाताऱ्याला कसंबसं वर ओढलं.

मेहुण्याने आपले तळवे पुढे धरले. तो म्हणाला, "गेल्या पावसाळ्यापासून माझ्या मुठी मिटत नाहीत."

"माझेही गुडघे कधीचेच गेलेत," म्हातारा म्हणाला. "तुला सांगितलं असतं, तर तू मला उतरू दिलं नसतंस."

बायकोला राग आवरला नाही. "लपवलंत तुम्ही दोघांनी," ती म्हणाली, "आणि कुंकू माझं पुसलं जाणार होतं."

घरी येऊन म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कडा सुटला म्हणजे आपण संपलो, असं त्याला वाटलं. बायकोने काही दिवस हे चालू दिलं. मग विचारलं, "मध काय फक्त कड्यावरच असतो?"

झाडांच्या ढोलीत लहान माश्यांची पोळी असतात, उभ्याने हात पोचेल अशी. पूर्वी तो त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आता काठी टेकत तो रोज त्यांच्या शोधात हिंडू लागला. मध थोडाच मिळे. गुडघे काही तरुण झाले नाहीत, पण आखडलेही नाहीत. मेहुणा कड्यावर जातच राहिला, पण दोर आधी झाडाला कसा गुंडाळायचा, हे इतर मेहुण्यांना शिकवायला.

पुढे गावाने नियमच बदलला. दर हंगामाआधी उतरणारा आपले गुडघे दाखवी आणि धरणारा आपल्या मुठी. त्यात कोणाला लाज वाटेनाशी झाली.

तात्पर्य: वय लपवणाऱ्याचा तोल जातो, ते ओळखून कामाची वाट बदलणारा शेवटपर्यंत आपल्या पायांवर उभा राहतो.