माडभाटची एकच कबर

माडभाटच्या ख्रिस्ती देवळामागे दफनभूमी आहे, पण तिच्यात थडगी नाहीत. भिंतीच्या आत वाळूचा एक लांबट उंचवटा आणि त्यावर लाकडी क्रूस, एवढेच. कोठे नाव नाही, साल नाही. माणूस गेला की त्याला भिंतीलगत पुरतात आणि तीन पावसाळ्यांनी हाडे काढून या उंचवट्यात मिळवतात. पाहुणे कारण विचारतात. देवळाच्या किल्ल्या सांभाळणारे इनासकाका सगळ्यांनाच सांगत नाहीत. जो थोडा वेळ उभा राहतो, त्याला सांगतात.

पोर्तुगिजांचा अंमल होता आणि खाडीपलीकडच्या कोटात त्यांचा अधिकारी, कपितान, राहत असे, तेव्हाची ही गोष्ट. एका वर्षी तापाची साथ आली आणि कोटाचे दरवाजे बंद झाले. आजारी माणसे बाहेर रेतीवर पडून राहिली. गावातल्या नातालबाय या विधवेची एकुलती मुलगी ब्रिजिद रोज होडीतून त्यांना पेज आणि पाणी नेत असे. शेवटी तिलाच ताप चढला. कोटात वैद्य होता, म्हणून आईने तिला होडीत निजवून दरवाजापर्यंत नेले. दरवाजा उघडला नाही. परतताना ब्रिजिद होडीतच गेली, असे सांगतात.

पुढे तिच्या कबरीवर मेणबत्त्या लागू लागल्या. तिथली माती कपाळाला लावून कोणाचे मूल बरे झाले म्हणे, कोणाची हरवलेली होडी परत आली. लोक तिला संतीण म्हणू लागले. नातालबायला ते सोसत नसे. ती म्हणे, तुम्ही तिला काहीही करा, मला ती पोरगीच राहू दे. पण आपल्या गावात संतीण आहे, हे मोठेपण गावाच्या पोटात राहिले नाही. कोटाच्या बाजारात मासळी विकताना बायका ते सांगत सुटल्या. “चूक आमचीच,” इनासकाका इथे थांबून म्हणतात.

तीन वर्षांनी घाटावरून फौज येत असल्याची आवई उठली. कोटातली माणसे रातोरात निघून जाऊ लागली. संतीण आत असली तर लोक कोट सोडणार नाहीत, असे कपितानाच्या मनाने घेतले. त्याने हुकूम पाठवला की रविवारी ब्रिजिदची हाडे न्यायला तो येईल, आणि ती मिळाली नाहीत तर गावातले सगळे पुरुष गलबतांवर वल्ही मारायला नेले जातील. रोमच्या परवानगीवाचून कोणाला संत म्हणता येत नाही, असे म्हाताऱ्या पाद्रीने कळवून पाहिले. त्याला कोणी विचारले नाही.

नातालबाय पाद्रीच्या ओट्यावर येऊन बसली.

“ती जिवंत होती तेव्हा दार उघडले नाही, पाद्रीबाबा. आता हाडांना उघडतात?”

वाट काढली ती कबरी खणणाऱ्या बस्त्यावने. सगळ्याच कबरी उघडायच्या, सगळी हाडे एकत्र करायची, मग तो नेईल कोणाला? शनिवारी सकाळी गाव कुदळी घेऊन जमले. कोणी आपल्या माणसाची कबर खणायची नाही असे ठरले, म्हणजे धाकापुढेही कोणाला ओळख सांगता येणार नाही. ब्रिजिदचा पुढचा एक दात तुटका होता. आईने तो पाहताच ओळखला असता. म्हणून नातालबाय दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे कुदळींचे आवाज चालू होते. ती एकदाही वळली नाही.

पावलू जाऊन वीसच दिवस झाले होते. त्याची बायको कबरीवर आडवी पडली. “माझा माणूस अजून माणूस आहे,” ती म्हणाली, “हाडे नाही झाला.” त्याला कोणी हात लावला नाही. त्याच्या नावाचा क्रूस मात्र, बाकीच्या कबरींचे काढले तसा, थोड्या वेळाने तिने स्वतः उपटून आणून दिला.

रविवारी कपितान आला, बरोबर मखमल लावलेली पेटी. त्याने उंचवटा पाहिला आणि नातालबायला विचारले, तुझी मुलगी कोणती?

“मी आई आहे, आणि मला ठाऊक नाही,” ती म्हणाली.

कपितान रागावला नाही, म्हणतात. त्याने वाळूत हात घालून हाताला लागली ती कवटी उचलली, पेटीत ठेवली आणि होडीत बसला. संध्याकाळी कोटात घंटा वाजल्या. संतीण आली म्हणून लोक गुडघ्यांवर बसले.

नातालबाय त्यानंतर सोळा वर्षे जगली. ब्रिजिद उंचवट्यात राहिली की पेटीतून गेली, हे तिला कधीच कळले नाही. पुढे कोट पडला. पेटीचे काय झाले, तेही कोणी सांगत नाही.

आजही दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, माडभाटचे प्रत्येक घर उंचवट्यावर मेणबत्ती लावते. मग सगळे खाडीवर जातात आणि पडक्या कोटाकडे तोंड करून आणखी एकेक मेणबत्ती वाळूत रोवतात. नेलेले माणूस कोणाच्याही घरचे असू शकते. वाऱ्याने बहुतेक मेणबत्त्या लगेच विझतात.

इनासकाकांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिची हाडे त्यांनी स्वतः उंचवट्यात ठेवली आहेत. तरी तेही काठावर जातात. तिकडे तुमचे कोण, असे मी विचारले.

“ठाऊक नाही,” ते म्हणाले, आणि विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवायला वाकले.